ताईंना विचारा: कोलंबस डेचं नाव बदललं तर बिघडलं कुठे?

सप्टेंबर संपत आला की अमेरिकेतल्या वाचकांची एका ठरलेल्या विषयावरची पत्रं यायला लागतात, ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारची सुट्टी, तिला कोलंबस डे म्हणायचं की इंडिजिनस पीपल्स डे, म्हणजे तिथल्या मूलनिवासींचा दिवस. यंदा पत्रं जास्त आली आणि त्यातली काही चांगलीच तापलेली आहेत, म्हणून यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय.

ताई, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो, लेक चौथीत आहे. तिच्या शाळेच्या कॅलेंडरवर आता कोलंबस डेच्या जागी इंडिजिनस पीपल्स डे छापलंय. सासू-सासरे सध्या इकडे आलेत आणि सासऱ्यांचं म्हणणं की हा इतिहास पुसायचा प्रकार आहे, कोलंबस नसता तर अमेरिका कुठून असती. नवरा म्हणतो सुट्टी मिळतेय ना, नाव काही का असेना. आणि लेक मला विचारतेय तो चांगला होता की वाईट. काय सांगू?
– लेकीची आई, मिडलसेक्स काउंटी

अगं, आधी लेकीचं बघू, मोठ्यांना पटायला वेळ लागला तरी चालेल. चौथीतल्या मुलीला चांगला-वाईटचा शिक्का मारून देऊ नकोस, काय काय झालं ते सांग, ती स्वतः ठरवेल आणि मुलं हे फार नीट ठरवतात.

तिला सांग की तो निघाला होता आशियाकडे, सोनं आणि मसाले मिळतील म्हणून, आणि १२ ऑक्टोबर १४९२ ला जाऊन पोचला बहामातल्या एका बेटावर. तिथे तायनो लोक राहत होते आणि त्या बेटाला ते ग्वानाहानी म्हणायचे, म्हणजे बेटाला नाव होतं, गावं होती, शेती होती, होड्या होत्या. त्या लोकांनी पाहुण्यांना पाणी दिलं, खायला दिलं, पोपट दिले, आणि कोलंबसने त्याच सुरुवातीच्या दिवसांत रोजनिशीत लिहून ठेवलं की हे लोक चांगले नोकर होतील आणि पन्नास माणसं असली तरी या सगळ्यांना ताब्यात ठेवता येईल. हे त्याच्या शत्रूने लिहिलेलं नाहीये, त्याच्याच रोजनिशीतलं आहे. आणि हो, आज आपण जिला अमेरिका म्हणतो त्या देशाच्या मुख्य भूमीवर तो चारही सफरींत कधी आलाच नाही, १४९३ मध्ये प्वेर्तो रिकोसारख्या, आज अमेरिकेच्या ताब्यात असलेल्या बेटांपर्यंत आला तेवढंच.

पुढचं मोठ्यांनी तरी वाचायला हवं. हिस्पॅनिओला, म्हणजे आजचं हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक, तिथे त्याने कर बसवला. चौदा वर्षांच्या वरच्या प्रत्येक तायनोने दर तीन महिन्यांनी एक घुंगरू भरून सोन्याची भुकटी आणून द्यायची. घुंगरू म्हणजे स्पॅनिश लोक शिकारीच्या ससाण्याच्या पायाला बांधायचे ते, दिसायला एवढंसं, पण नदीच्या वाळूतून सोन्याचा कण न कण निवडून ते भरायचं म्हणजे काय ते बघ. ज्या भागात सोनं नाही तिथल्यांनी कापूस पिंजून-कातून द्यायचा, माणशी एक अरोबा म्हणजे साधारण अकरा किलो. कर भरला की गळ्यात अडकवायला तांब्या-पितळेचा बिल्ला मिळायचा आणि ज्याच्या गळ्यात बिल्ला नाही त्याला शिक्षा. १४९५ मध्ये शेकडो लोक पकडून साडेपाचशेच्या आसपास माणसं गुलाम म्हणून स्पेनला जहाजात भरली, त्यातली दोनेकशे वाटेतच गेली आणि त्यांना समुद्रात टाकून दिलं. मग सक्तीची मजुरी, उपासमार, १५१८ च्या शेवटी आलेली देवीची साथ, आणि पन्नास-साठ वर्षांत त्या बेटावरची तायनो वस्ती संपल्यात जमा झाली. पूर्ण संपली मात्र नाही हं, आजही प्वेर्तो रिको, क्युबा, डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये आम्ही तायनो म्हणणारी माणसं आहेत.

आता सासऱ्यांसाठी. बाबांना नीट बसवून हे सांग की १४९२ कुठल्याच पुस्तकातून जात नाहीये, उलट नाव बदललं त्या शाळांमधली मुलं घुंगराची गोष्ट पहिल्यांदा ऐकतायत, म्हणजे इतिहास वाढलाच ना. सुट्टी ही वेगळी गोष्ट आहे. सुट्टी म्हणजे अख्ख्या देशाने एक दिवस काम थांबवून कुणाचा तरी मान करायचा, आणि तो मान कुणाला द्यायचा हे त्या त्या पिढीने ठरवायचं असतं, आधीच्यांनी पण ठरवलंच होतं. ही काय पाचशे वर्षांची परंपरा नाहीये. १८९२ मध्ये प्रेसिडेंट बेंजामिन हॅरिसन यांनी चारशे वर्षं झाली म्हणून त्या एका वर्षापुरती घोषणा केली, १९०७ मध्ये कोलोरॅडोने राज्याचा कायदा केला, १९३४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ठराव केला की दरवर्षी प्रेसिडेंटने घोषणा करावी, आणि १९६८ च्या कायद्याने ती दुसऱ्या सोमवारी नेली, ते लागू झालं १९७१ पासून. म्हणजे तुझ्या सासऱ्यांच्या हयातीत तारीखसुद्धा बदलली, तेव्हा लाँग वीकेंड मिळतोय म्हणून बहुतेकांना चाललं.

आणि नवऱ्याला सांग, नाव काही का असेना असं आपण आपल्या कुठल्या सणाबद्दल म्हणू का.

ताई, कोलंबस डे ऑफिशियली रद्द झालाय की नाही ते एकदा क्लिअर करा प्लीज. आमच्या ग्रुपवर रोज वेगळंच काहीतरी फिरतंय.
– एक वाचक, डॅलस

रद्द झालेला नाही. केंद्राच्या कायद्यात सुट्टीचं नाव आजही कोलंबस डेच आहे, पोस्ट बंद असतं, फेडरल ऑफिसं बंद, बऱ्याच बँका बंद, शेअर बाजार चालू. ते नाव बदलायचं तर काँग्रेसने कायदा करायला लागेल. राज्यं, शहरं आणि स्कूल डिस्ट्रिक्ट मात्र आपापल्या पातळीवर ठरवू शकतात आणि गोंधळ होतो तो इथे. साउथ डकोटाने १९९० मध्येच नाव बदलून नेटिव्ह अमेरिकन डे केलं, लकोटा या मूलनिवासींचं राज्य, अमेरिकन सैन्याने लकोटांना मारलं त्या वुंडेड नीच्या हत्याकांडाला त्या वर्षी शंभर वर्षं होत होती, आणि ही मागणी लावून धरली होती टिम जिआगो या लकोटा संपादकाने. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने १९९२ मध्ये इंडिजिनस पीपल्स डे सुरू केला. मिनियापोलिस आणि सिएटल २०१४, लॉस एंजेलिस २०१७, मग मेन, व्हरमाँट, न्यू मेक्सिको ही राज्यं २०१९. कॅलिफोर्नियाने तर २००९ मध्ये पैसे वाचवायला म्हणून राज्याची कोलंबसची सुट्टीच काढून टाकली होती.

२०२१ मध्ये प्रेसिडेंट बायडन यांनी दोन्ही नावांच्या घोषणा एकाच दिवसासाठी काढल्या, ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रेसिडेंट ट्रम्प यांनी फक्त कोलंबस डेची काढली. घोषणा प्रेसिडेंटबरोबर बदलतात, कायदा तसाच आहे. ग्रुपवर एवढंच टाका.

ताई, आमचे शेजारी इटालियन आहेत, ऐंशीच्या पुढचे आजोबा, आम्ही नवीन होतो तेव्हा त्यांनी आम्हाला खूप सांभाळलं, बर्फ काढण्यापासून मुलांना शाळेतून आणण्यापर्यंत. ते म्हणतात आमचा दिवस आमच्याकडून काढून घेतला. मला नेटिव्ह लोकांचं पटतं पण आजोबांसमोर काही बोलवत नाही. हा माणूस कोलंबससाठी नाही रडत आहे हे मला कळतं, पण मग कशासाठी?
– शेजारीण, लाँग आयलंड

तू जे शेवटी विचारलंस ना, ते या सगळ्या वादातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि नाव बदलायची मागणी करणारे आपल्यासारखे लोक तिथेच घाईघाईने पुढे जातात.

१८९० च्या आसपासचं न्यू ऑर्लिन्स. सिसिलीहून आलेली हजारो गरीब माणसं गोदीवर, फळबाजारात राबत होती. पोलीस प्रमुख डेव्हिड हेनेसीचा खून झाला आणि संशय सरसकट इटालियन लोकांवर गेला, धरपकड झाली. खटला उभा राहिला नऊ जणांवर, ज्यूरीने सहा जणांना सोडलं, तिघांबद्दल एकमत झालं नाही. दुसऱ्या दिवशी, १४ मार्च १८९१ ला, हजारोंचा जमाव तुरुंगात घुसला आणि अकरा जणांना मारून टाकलं, काहींना गोळ्या, काहींना बाहेर आणून टांगलं. त्यात सुटलेले होते आणि ज्यांच्यावर खटलासुद्धा चालला नव्हता असेही होते. शिक्षा कुणालाच झाली नाही, वर मोठमोठ्या पेपरांनी बरं झालं असा सूर लावला. इटलीने आपला राजदूत परत बोलावला, शेवटी अमेरिकेने सुमारे २५,००० डॉलर भरपाई दिली. हॅरिसन यांची कोलंबसवाली घोषणा आली ती याच्या पुढच्याच वर्षी. न्यू ऑर्लिन्सच्या महापौरांनी माफी मागितली २०१९ मध्ये, म्हणजे १२८ वर्षांनी.

म्हणजे बघ, ज्यांना धड गोरं मानत नव्हते, कॅथलिक म्हणून ज्यांच्यावर संशय घ्यायचे, त्यांना या देशाच्या गोष्टीत आपलं म्हणता येईल असं एक नाव सापडलं, की ज्याच्यापासून तुम्ही तुमचा इतिहास सुरू करता तो आमच्यातला होता. कॅथलिक लोकांच्या नाइट्स ऑफ कोलंबस या संघटनेने १९३४ च्या ठरावासाठी खूप जोर लावला. आणि १९४२ चं सांगते, तुमच्या आजोबांच्या आई-वडिलांच्या वेळचं. महायुद्ध चालू, अमेरिकेतले सहा लाख इटालियन नागरिक सरकारी कागदावर शत्रूदेशाचे, ओळखपत्र घेऊन फिरायचं, घरात शॉर्टवेव्ह रेडिओ, कॅमेरा ठेवायला बंदी. तो शिक्का काढल्याची घोषणा ॲटर्नी जनरल फ्रान्सिस बिडल यांनी कुठल्या दिवशी केली असेल, तर १२ ऑक्टोबरला, कार्नेगी हॉलमध्ये, कोलंबस डेच्या कार्यक्रमात. ज्या घराने हे ऐकलंय त्या घरासाठी हा दिवस बोटीवरच्या दर्यावर्दीचा नाहीच, आम्हाला इथलं मानलं त्याचा आहे.

म्हणून आजोबांशी बोलताना सुरुवात १८९१ पासून कर, कोलंबसपासून करू नकोस. त्यांना विचार त्यांचे आजी-आजोबा कुठून आले, काय सोसलं. आणि मग हे सांग की ज्या कारणासाठी हा दिवस तुम्हाला मिळाला, अगदी त्याच कारणासाठी नेटिव्ह लोक तो मागतायत, त्यांनाही या देशाच्या गोष्टीत जागा हवीय. माझं स्वतःचं मत विचारशील तर इटालियन माणसांना त्यांचा दिवस मिळालाच पाहिजे, कोलंबसशिवाय मिळाला पाहिजे. कोलोरॅडोने २०२० मध्ये तेच केलं, जिथे राज्याची पहिली कोलंबस सुट्टी सुरू झाली त्याच राज्याने ती काढून ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी फ्रान्सेस झेवियर कॅब्रिनी यांच्या नावाने सुट्टी ठेवली. या बाई १८८९ मध्ये इटलीहून न्यूयॉर्कला आल्या, स्थलांतरितांसाठी अनाथाश्रम, शाळा, हॉस्पिटलं काढली, आणि संतपद मिळालेल्या पहिल्या अमेरिकन नागरिक त्या. त्यांच्या नावावर कुणाचाही जीव गेलेला नाही. न्यूयॉर्क शहराच्या शाळांनी २०२१ मध्ये कॅलेंडरवर इटालियन हेरिटेज आणि इंडिजिनस पीपल्स डे अशी दोन्ही नावं एकाच दिवशी टाकली, मला ते तेवढं आवडत नाही कारण मुलांना वाटतं हे दोघं एकमेकांसमोर उभे आहेत, पण काहीच नसण्यापेक्षा बरंच.

तेव्हाची मूल्यंच वेगळी होती, आजच्या मापाने पाचशे वर्षांपूर्वीचा माणूस कसा मोजता? उद्या सगळ्यांचेच पुतळे काढाल.
– नाव नको, ह्यूस्टन

तेव्हाच्याच मापाने मोजू मग. १५०० मध्ये स्पेनच्या राजा-राणीने पाठवलेल्या फ्रान्सिस्को दे बोबादियाने कारभाराच्या तक्रारींवरून कोलंबसला पकडलं आणि बेड्या घालून स्पेनला पाठवलं. तक्रारी स्पॅनिश वसाहतवाल्यांच्याच होत्या, नाक-कान कापण्याच्या शिक्षांच्या. त्याच वर्षी राणी इसाबेलाने विकलेल्या तायनो गुलामांपैकी काहींना परत पाठवायचा हुकूम काढला. १५११ मध्ये हिस्पॅनिओलावर आंतोनियो दे मॉन्तेसिनोस या धर्मगुरूने भर चर्चमध्ये मळेवाल्यांना विचारलं की ही माणसं नाहीत का. बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूंनी तर मूलनिवासींची बाजू मांडण्यातच आयुष्य घालवलं. आणि ज्यांच्यावर हे सगळं झालं ते तायनो पण त्याच काळातले होते, त्यांचं माप कुणी विचारलं का? तुम्ही काळाचं म्हणता तेव्हा त्या काळातल्या एकाच बाजूचं म्हणता, एवढंच माझं म्हणणं आहे.

पुतळ्यांचं वेगळं लिहा, त्यावर स्वतंत्र उत्तर देईन.

ताई, मी आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या पालकांच्या कमिटीवर आहे. काहीजण म्हणतायत वाद नको, सगळ्याच सुट्ट्यांची नावं काढून नुसतं शाळा बंद लिहू. मला ते सोपं वाटतंय. तुमचं मत?
– एक बाबा, मॉरिस काउंटी

तुमच्याच काउंटीत रँडॉल्फला हे करून झालंय. २०२१ च्या उन्हाळ्यात तिथल्या बोर्डाने आधी कोलंबसचं नाव बदललं, लोक भडकले, मग बोर्डाने सगळ्याच सुट्ट्यांची नावं काढून डे ऑफ लिहायचं ठरवलं, त्यावर सगळेच भडकले आणि थोड्याच दिवसांत सगळी नावं परत आली, कोलंबससकट. म्हणजे ज्यांच्यासाठी सुरू केलं त्यांच्या हाती काहीच लागलं नाही. करू नका असं. न्यूयॉर्कमध्ये दिवाळीची शाळेला सुट्टी मिळावी म्हणून आपल्या लोकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, २०२३ मध्ये कायदा झाला, आणि कॅलेंडरवर दिवाळी हा शब्द दिसणं हेच तर हवं होतं ना आपल्याला, नुसती रजा कुठे मागत होतो.

आणि कमिटीत एक काम मुद्दाम करा, नेटिव्ह माणसाला बोलवा. नाव कुणाचं लावायचं यावर दोन-दोन तास मीटिंगा होतात आणि त्या खोलीत त्या लोकांपैकी कुणीच नसतं, हे मला फार लागतं. तुमच्या जर्सीत लेनापे आहेत, आहेत म्हणतेय, होते नाही. पार्सिपनी, रॅरिटन, पसेइक, हॅकेनसॅक, ज्या नावांच्या एक्झिटवरून आपण रोज ऑफिसला जातो ती सगळी त्यांची नावं आहेत. त्यांना ढकलत ढकलत ओक्लाहोमा, विस्कॉन्सिन आणि पार कॅनडापर्यंत नेलं, पण काही इथेच राहिले, दक्षिणेला ब्रिजटनकडे नॅन्टिकोक लेनी-लेनापे, उत्तरेला माहवाकडे रामापो. दोघांनाही राज्याची मान्यता आहे, केंद्राची नाही, आणि केंद्राची मान्यता नसली की आरोग्य, घरं, शिक्षण यांच्या कितीतरी योजना दारातच अडतात. नाव बदलून झालं की आता यावर बोला असं तेच लोक सांगतात. तेव्हा कॅलेंडरबरोबर चौथीच्या धड्यातही बदल मागा, नाहीतर मुलांना नाव पाठ होईल आणि लेनापे म्हणजे डायनासोरसारखे कुणीतरी फार पूर्वीचे असंच वाटत राहील.

मॅडम, मी नाशिकचा निवृत्त शिक्षक. तुमच्या तिकडच्या या वादाचा आम्हाला काय उपयोग? आमच्याकडे ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन होतो, तो याच्याशी जोडलेला आहे का?

जोडलेला आहे सर, एकाच चळवळीतून आलेले आहेत दोन्ही. १९७७ मध्ये जिनिव्हाला अमेरिका खंडातल्या मूलनिवासींची मोठी परिषद झाली आणि कोलंबसचा दिवस आमच्या नावाने पाळा ही मागणी तिथे झाली. १९८२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मूलनिवासींच्या कार्यगटाची पहिली बैठक झाली ९ ऑगस्टला, आणि १९९४ मध्ये तीच तारीख जागतिक दिनासाठी घेतली.

तुम्ही तर दरवर्षी बघत असाल, ९ ऑगस्ट हा आपला क्रांती दिन, मुंबईत ऑगस्ट क्रांती मैदानावर लोक जमतात, आणि त्याच दिवशी नंदुरबार, जव्हार, पालघर, तुमच्या सुरगाणा-पेठला तारपा आणि ढोल घेऊन हजारो आदिवासी मिरवणुकीत असतात. एका तारखेला दोन आठवणी मावतात आणि दोन्हीत इंग्रजांशी लढलेले राघोजी भांगरे आहेतच, १८४८ मध्ये ठाण्याच्या जेलमध्ये फाशी गेलेले. तुम्ही शिक्षक, तुम्ही सांगा, पुस्तकात त्यांना किती ओळी होत्या? तिकडचा वाद इकडे उपयोगाचा असलाच तर एवढ्यासाठी.

ताई, वाद जाऊ दे, सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन काय करू ते सांगा. वयं ७ आणि ११.
– जर्सी सिटी

पाथ ट्रेनने वर्ल्ड ट्रेडला उतरा, तिथून बोलिंग ग्रीनपर्यंत चालत जा. जुन्या कस्टम हाउसच्या इमारतीत नॅशनल म्युझियम ऑफ द अमेरिकन इंडियन आहे, स्मिथसोनियनचं, त्यामुळे तिकीट नाही. धाकट्याला दमेपर्यंत सगळं दाखवू नका, तासाभरात दोन-तीन दालनं नीट बघा आणि अकरा वर्षांच्या मुलाला आधी घरी नकाशा काढायला लावा की आपलं घर आहे ती जमीन कुणाची होती, म्हणजे तिथे लेनापे नाव दिसलं की तो स्वतःच थांबेल. केंद्र सरकारचं शटडाऊन चालू असेल तर म्युझियम बंद असू शकतं, तेवढं निघायच्या आधी वेबसाइटवर बघून घ्या.